चौदा की चौऱ्याण्णव? दोन नाम्बूंमध्ये अडकलेल्यांसाठी

एकच जपानी मिलिटरी पिस्तूल घ्यायचंय, टाइप १४ घेऊ की टाइप ९४ (दोघांनाही डिझायनर किजिरो नाम्बूंच्या नावावरून नाम्बू म्हणतात), हा प्रश्न मला गेल्या दोनेक वर्षांत तिघांनी विचारला आणि तिघांनाही मी फोनवर तासभर पिळलंय. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. माझी पार्श्वभूमी एवढीच की मी मूळचा बेळगावचा, गेली चौदा वर्षं ओहायोत, आणि ही दोन्ही पिस्तुलं माझ्याकडे होती. आता एकच आहे. कुठलं ते कळेलच, पण घाई नको, कारण जे विकलं त्याच्याबद्दलही मला वाईट बोलायचं नाहीये. म्हणजे थोडंफार बोलणार आहे.

लांबी, वजन, बॅरल किती मिलिमीटर हे सगळं सांगत बसत नाही, ते तुम्ही आधीच पाठ केलं असणार. दोघांची गोळी एकच, ८ मिमी नाम्बू, मान आखडलेलं बाटलीसारखं काडतुसाचं कवच आणि जेमतेम मध्यम जोर. त्यामुळे "ताकदवान कुठलं" हा वाद इथेच संपला, दोन्ही सारखीच, आणि त्या काळच्या जर्मन किंवा अमेरिकन पिस्तुलांपुढे दोन्ही मवाळच. चौदात आठ गोळ्या, चौऱ्याण्णवमध्ये सहा. झालं.

बाकीच्या भावंडांचंही पटकन उरकून घेतो, म्हणजे मधेच कोणी "पापा नाम्बू का नाही" म्हणायला नको. पापा म्हणजे ती जुनी सुबक, १९०२ च्या मूळ डिझाइनची सुधारलेली आवृत्ती, नेव्हीने १९०९ मध्ये घेतली, आर्मीने अधिकृतपणे कधीच घेतली नाही, ऑफिसर लोक स्वतःच्या पैशाने घ्यायचे. बेबी नाम्बू म्हणजे तिचं ७ मिमीचं पिल्लू, साडेसहा हजारांच्या आसपासच बनली, आणि आज तिच्या किमतीत सेकंडहँड गाडी येते, त्यामुळे बघायची आणि सुस्कारा टाकायचा. टाइप २६ हे रिव्हॉल्व्हर आहे, १८९३ चं, आणि त्याची एक गंमत अशी की घोडा (काडतुसावर आपटणारा हॅमर) खाली असताना सिलिंडर मोकळा फिरतो, होल्स्टरच्या (चामडी म्यानाच्या) आत घासला की आपला फिरला, म्हणजे पुढच्या चाप ओढण्याला भरलेलं घर समोर येईल की रिकामं झालेलं हे देवालाच माहीत. काडतूसही मिळत नाही. तर उरतात हीच दोन.

आता नावांचा घोळ, कारण याच्यावरून नवीन माणूस हमखास गडबडतो आणि समजतो की ९४ हे १४ नंतर ऐंशी वर्षांनी आलं. अहो नाही. जपान्यांनी मधेच कॅलेंडर बदललं. १४ म्हणजे तैशो सम्राटाच्या कारकिर्दीचं चौदावं वर्ष, म्हणजे १९२५. ९४ म्हणजे त्यांच्या पुराणातल्या पहिल्या सम्राटापासून, जिम्मूपासून, मोजलेलं २५९४ वं वर्ष, म्हणजे १९३४. आपल्याकडे एका पंचांगात शालिवाहन शक, दुसऱ्यात विक्रम संवत, आणि बँकेत इसवी सन, तसाच प्रकार. झिरो नावाचं ते प्रसिद्ध लढाऊ विमान झिरो का, तर २६०० सालातलं, शेवटचं शून्य. आणि एवढं करून पिस्तुलावर बनवल्याची तारीख ठोकायची ती पुन्हा तिसऱ्याच हिशोबाने, शोवा वर्षात. शोवा आकड्यात १९२५ मिळवायचे. माझ्या चौदावर १८.३ असं आहे, म्हणजे मार्च १९४३. चौऱ्याण्णव होतं त्याच्यावर १८.९, सप्टेंबर १९४३. सहा महिन्यांचं अंतर, जवळजवळ एका पाठचीच भावंडं, त्यामुळे माझी तुलना निदान त्या बाबतीत तरी रास्त आहे. १९३० चं चकचकीत चौदा घेऊन १९४५ च्या ओबडधोबड चौऱ्याण्णवशी तुलना करणारे लोक भेटतात, तो म्हणजे हापूस आणि रायवळ शेजारी ठेवून आंब्यावर निबंध लिहिण्यातला प्रकार.

चौदाकडे येऊ. लोक याला त्या जर्मन पिस्तुलावरून "जपानी लूगर" म्हणतात आणि मला दरवेळी थोडा राग येतो, कारण तिरकी मूठ आणि बारीक नळी सोडली तर आत लूगरचं काहीही नाही. लूगरमध्ये तो कोपरासारखा वर मोडणारा जोड असतो. इथे एक गोल बोल्ट (गोळीमागचं दार बंद करणारा दांडा) सरळ मागे जातो आणि सरळ पुढे येतो, बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक स्प्रिंगा, आणि खाली एक छोटासा लॉकिंग ब्लॉक जो गोळी सुटल्यावर नळी जराशी मागे सरकेपर्यंत बोल्टला धरून ठेवतो आणि मग खाली झुकून सोडून देतो. जुन्या पापामध्ये स्प्रिंग एकाच बाजूला होती, चौदामध्ये दोन केल्या. पापाच्या मुठीवर पुढून दाबायची ग्रिप सेफ्टी होती ती काढून टाकली, नेम धरायची मागची सरकती साइट काढून साधी खाच ठेवली. थोडक्यात आर्मीने नाम्बूसाहेबांचं मूळ डिझाइन घेऊन स्वस्त आणि सोपं करून घेतलं. स्वतः किजिरो नाम्बू तोपर्यंत आर्मीतून निवृत्त झाले होते आणि १९२७ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. चौऱ्याण्णव त्याच कंपनीतून आलं. म्हणजे आर्सेनलवाल्यांनी, सरकारी शस्त्रकारखान्याने, काटछाट करून साधं केलेलं पिस्तूल त्यांच्या नावाने जगभर ओळखलं जातं, आणि त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातलं पिस्तूल शिव्या खातं. काय बोलायचं.

बोल्टच्या मागच्या गोल बोंडीला बोटात धरून तो ओढायचा अनुभव मात्र वेगळाच. अमेरिकेतल्या कुठल्याही गन शॉपमध्ये रुगरचं पॉइंट बावीस पिस्तूल बघितलंत तर तुम्हाला हा गोल बोल्ट ओळखीचा वाटेल, आणि वाटायलाच पाहिजे, कारण बिल रुगरने युद्धावरून आलेल्या एका मरीनकडून बेबी नाम्बू मिळवलं होतं, गॅरेजमध्ये त्याच्या दोन प्रती बनवल्या होत्या, आणि १९४९ ला त्याचं जे पहिलं पिस्तूल बाजारात आलं त्यात ती कल्पना उतरली. हरलेल्या सैन्याचं डिझाइन जिंकलेल्या देशातल्या सगळ्यात लोकप्रिय रेंज पिस्तुलांपैकी एकात जाऊन बसलं.

हातात धरल्यावर चौदा स्वतःच निशाण्याकडे जातं. हे मी मोजून दाखवू शकत नाही, माझ्याकडे मोजायचं काही नाहीये, पण डोळे मिटून हात पुढे करायचा आणि मग डोळे उघडून साइट बघायची, असं मी दोघांबरोबर बरेचदा केलंय. चौदाची साइट जवळपास जागेवर असते. चौऱ्याण्णवची कुठेतरी शेजारच्या लेनवर. चाप पण चौदाचा खूप बरा, थोडा लांब पण मऊ, कुठे सुटणार ते कळतं. यात घोडा नाही, आत सरळ पुढे धावणारा स्ट्रायकर आहे. धक्का म्हणाल तर नावालाच. माझ्या बायकोने, जिला या छंदाचा मनापासून कंटाळा आहे, एकदाच चालवलं आणि म्हणाली "हे एवढंच?" हे कौतुक होतं की टोमणा ते अजून कळलेलं नाही.

त्रास नाहीत असं नाही हां. सेफ्टीचा खटका म्हणजे एक कोडंच आहे. डाव्या बाजूला मोठा लांब लिव्हर, एका टोकाला "आन" म्हणजे सेफ, दुसऱ्या टोकाला "हि" म्हणजे आग, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला पूर्ण अर्धा गोल फिरवायचा. धरलेल्या हाताच्या अंगठ्याने ते होत नाही. दुसरा हात लावावाच लागतो. मी विचार करतो की चिखलात, अंधारात, हातमोजे घालून हे कसं करत असतील, आणि हातमोज्यांवरून आठवलं, माझ्या चौदाचा ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीचं कडं, मोठा फुगलेला आहे, तो १९३९ च्या सुमारास आलेला बदल, मांचुरियाच्या थंडीत जाड मोजा घालून बोट आत जावं म्हणून. म्हणजे मोज्यातलं बोट चापापर्यंत जाईल याची सोय केली, सेफ्टीचं तसंच राहू दिलं.

दुसरं म्हणजे फायरिंग पिन, गोळीच्या बुडाला टोचणारी. तुटते. इतकी तुटायची की होल्स्टरमध्येच स्पेअर पिनसाठी कप्पा शिवलेला असायचा. ज्या वस्तूबरोबर कंपनीच दुरुस्तीचं सामान देते तिच्याबद्दल काय समजायचं ते समजा. मी ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढणं, अजिबात करत नाही. आणि स्पेअर घेताना लांबी बघून घ्या कारण मधल्या काळात पिन छोटी केली गेली, सगळ्या सगळ्यांत बसत नाहीत.

तिसरा त्रास मॅगझिनचा, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीचा, आणि तो नीट सांगतो कारण पुढे लागणार आहे. शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागे उघडा राहतो, छान. पण त्याला अडवून धरणारा वेगळा खटका यात नाहीच, मॅगझिनमधली गोळ्या वर ढकलणारी पट्टीच बोल्टला अडवून बसते. म्हणजे दोन्ही स्प्रिंगांचा सगळा जोर त्या मॅगझिनवर. त्यात १९४० च्या आसपास कोणीतरी हुशारी करून मुठीच्या पुढच्या बाजूला अजून एक पट्टीची स्प्रिंग लावली, मॅगझिन चुकून पडू नये म्हणून. परिणाम असा की बटण दाबलं तरी मॅगझिन जागचं हलत नाही. खाली ओढावं लागतं. घामाने हात ओला असेल तर तळाची ती गोल बोंडी बोटातून निसटते. आमच्याकडे ओहायोत जुलैमध्ये दमट असतं तेव्हा मी शर्टाच्या टोकाने धरून ओढलंय. विहिरीतून बादली काढताना दोर निसरडा होतो ना, तसं. आणि एकदाचं ते निघालं की बोल्ट खाडकन पुढे. पहिल्यांदा मी दचकलो होतो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल की मग चौऱ्याण्णवच बरं. थांबा.

चौऱ्याण्णव बनलं ते रणगाडावाले, वैमानिक, नंतर पॅराशूटवाले अशा लोकांसाठी, ज्यांना चौदा मोठं पडायचं. कल्पना एकदम रास्त. आकार खरंच आटोपशीर आहे, आणि होल्स्टर कमरेला लागतसुद्धा नाही. ७०,००० च्या थोडं वर बनली असं धरतात, चौदाची संख्या त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे दुर्मिळ म्हणायचं तर चौऱ्याण्णवच. आतली रचना पण वेगळी. इथे स्लाइड (मागे-पुढे सरकणारं वरचं कवच) आहे, नळीभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, आत लपलेला घोडा, आणि लॉकिंग ब्लॉक वर-खाली सरकणारा. इंजिनिअर माणसाला उघडून बघायला चौऱ्याण्णव जास्त मजेदार आहे हे मी कबूल करतो. सेफ्टी पण अंगठ्याने होते, चौदासारखी कवायत नाही. आणि फायरिंग पिनचं ते दुखणं मला तरी याच्यात जाणवलं नाही.

दिसायला? दिसायला ते उलटं आहे. म्हणजे वर जड, खाली बारीक. पुढे मोठा डबा आणि मागे छोटीशी मूठ, जणू कोणीतरी आधी वरचा भाग केला आणि मग पत्रा संपला. माझा हात काही राक्षसाचा नाही, पण करंगळीला जागाच नाही. माझे दादा इकडे आले होते तेव्हा हातात घेऊन म्हणाले, "अरे हे स्टेपलर आहे काय की?" ते नाव घरात चिकटलं ते चिकटलंच.

आता त्या सिअर बारबद्दल, कारण चौऱ्याण्णवचं नाव काढलं की लोक पहिल्यांदा तेच सांगतात. डाव्या बाजूला एक लांब पट्टी पूर्ण उघडी आहे, फ्रेमच्या बाहेर. चापापासून घोड्यापर्यंतचा निरोप ती पोचवते. घोडा ताणलेला आहे, सेफ्टी काढलेली आहे, आणि त्या पट्टीचं पुढचं टोक तुम्ही बोटाने आत दाबलंत तर चापाला हात न लावता गोळी सुटते. याच्यावरून "आत्महत्येचं पिस्तूल" असं नाव पडलं, आणि शरण येतोय असं दाखवून पिस्तूल पुढे करायचं आणि पट्टी दाबायची, अशा कहाण्यासुद्धा पसरल्या. मला त्या कहाण्या काही पटत नाहीत. ज्याला दगा करायचाय त्याला चाप का नको? आणि पट्टी दाबायला जाणूनबुजून, बरोबर जागी, बऱ्यापैकी जोर द्यावा लागतो. मी रिकाम्या पिस्तुलावर करून बघितलंय, आधी तीनदा तपासून. सेफ्टी लावली की ती पट्टी हलतच नाही. बिनडोक डिझाइन आहे का? आहे. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या गोळीच्या घरात) गोळी ठेवून, सेफ्टी काढून फिरणाऱ्याला धोका आहे का? नक्कीच आहे. पण आज तुम्ही आणि मी ते कपाटात ठेवणार, महिन्यातून एकदा रेंजवर नेणार, त्याच्यासाठी हा मुद्दा मला तरी फुगवलेला वाटतो. मी चौऱ्याण्णव विकलं ते या पट्टीमुळे नाही.

विकलं ते मॅगझिनच्या खटक्यामुळे.

हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून मी सविस्तर सांगतो. चौऱ्याण्णवचं मॅगझिन सोडायचं बटण डाव्या बाजूला आहे, चापाच्या मागे, नेहमीच्या जागी. पण ते फ्रेमच्या बरंच बाहेर आलंय. आता एक करा, कुठलंही पिस्तूल, नाहीतर घरातलं हेअर ड्रायर उजव्या हातात धरा आणि टेबलावर ठेवा. कुठल्या कुशीवर ठेवलंत? डाव्या. उजव्या हाताचा माणूस मनगट आत वळवून ठेवतो आणि वस्तू डाव्या कुशीवर जाते, त्यात विचार लागत नाही. आणि चौऱ्याण्णव डाव्या कुशीवर ठेवलं की त्याचा भार येतो नेमका त्या बटणावर. टिक. इतका बारीक आवाज की कानाला मफ असतील तर ऐकूही येत नाही.

पहिल्यांदा रेंजवर हे झालं तेव्हा मला कळलंच नाही. सहा गोळ्या भरल्या, ठेवलं, चष्मा नीट केला, उचललं, एक गोळी सुटली, दुसरी नाहीच. मला वाटलं गोळी अडकली. स्लाइड ओढली तर चेंबर रिकामं. खाली बघतो तर मॅगझिन चार-पाच मिलिमीटर खाली लोंबतंय. ढकललं वर, पुढे चालू. मग थोड्या वेळाने पुन्हा ठेवलं, उचललं, आणि मॅगझिन टेबलावरच राहिलं. पिस्तूल माझ्या हातात, मॅगझिन तिथे. मॅगझिन नसेल तर चाप अडवणारी सेफ्टी त्याला आहे त्यामुळे चापही मेलेला. शेजारच्या लेनवरचे आजोबा, ऐंशीच्या घरातले, माझ्याकडे बघून इतके हसले की मलाही हसू आलं. तिसऱ्यांदा मात्र नाही आलं.

मला वाटलं माझ्याच पिस्तुलाची स्प्रिंग मेली असेल. नवीन टाकली. जरा फरक पडला, पण फार नाही, कारण दोष स्प्रिंगचा नाहीच, बटण बाहेर आहे हा आहे. मग मी टॉवेल न्यायला लागलो, घडी घालून त्याच्यावर ठेवायचं. मग उजव्या कुशीवर ठेवायची सवय लावायचा प्रयत्न केला, आणि त्याच्यासाठी मनगट बाहेरच्या बाजूला वळवताना नळी कुठे फिरते याचं भान ठेवावं लागतं, रेंज ऑफिसर एकदा ओरडलासुद्धा, आणि त्याचं बरोबर होतं. होल्स्टरमध्ये घट्ट दाबून बसवताना पण हेच व्हायचं. आता मला सांगा, ज्या सैनिकासाठी हे बनवलं तो रणगाड्यात बसलेला, सगळीकडे लोखंडाचे कोपरे, हे कमरेला लटकलेलं, उतरताना कुठेतरी आपटणार. बाहेर येऊन त्याने पिस्तूल काढलं आणि मॅगझिन होल्स्टरच्या तळाशी राहिलं तर? सिअर बारने चुकून गोळी सुटणं हे कधीतरी होणारं. हे रोज होणारं.

आणि गंमत बघा, चौदाचं दुखणं याच्या बरोबर उलटं. एकाचं मॅगझिन ओढून ओढून निघत नाही, दुसऱ्याचं न विचारता निघून जातं. माझं मत इतकंच की न निघणारं परवडलं. ते निघत नाही तेव्हा गोळ्या संपलेल्या असतात, पिस्तूल रिकामं असतं, मला घाई नसते, मी शर्टाने धरून ओढतो. चौऱ्याण्णव दगा देतं ते भरलेलं असताना. कोणाला हे उलटही वाटू शकतं. ज्याला रेंजवर न्यायचंच नाहीये, फक्त कपाटात हवंय, त्याच्यासाठी हा सगळा परिच्छेद निरर्थक आहे, मान्य.

घ्यायला निघालात तर काय बघायचं ते भराभर. नंबर जुळतात का बघा, चौदामध्ये मॅगझिनवर सुद्धा नंबर ठोकलेला असतो आणि पिस्तुलाबरोबर दोन मॅगझिन द्यायचे, त्यातलं एक जरी जुळणारं मिळालं तरी नशीब समजा. माझं एक जुळतं, दुसरं कुठल्यातरी दुसऱ्याच पिस्तुलाचं, म्हणजे कोणीतरी १९४५ मध्ये ढिगातून उचलताना गडबड केली. सीरियल नंबरच्या आधी गोलात एक जपानी अक्षर दिसेल, माझ्यावर "इ" आहे. तो त्यांचा इरोहा क्रम, आपल्या क-ख-ग सारखा, एक मालिका भरली की पुढचं अक्षर. कोणी विचारेल की त्याच्यावर सम्राटाचं सोळा पाकळ्यांचं फूल का नाही, कोणीतरी घासून काढलं का. नाही, ते रायफलींवर असायचं, पिस्तुलांवर नसायचंच.

१९४४ च्या शेवटापासूनचा माल जपून घ्या. फाइलचे ओरखडे तसेच, मुठीला खाचा नसलेले सपाट लाकडाचे तुकडे, चौऱ्याण्णवचा मागचा भाग गोल करायचे कष्टही वाचवून चौकोनी सोडलेला. इतिहास म्हणून असा नमुना मला खूप आवडतो, एका देशाचा दम कसा लागला ते एका पत्र्यावर दिसतं, पण चालवू नका. नळीवर किंवा फ्रेमवर इम्पोर्टरचा शिक्का असेल तर किंमत कमी, नसेल तर बहुधा सैनिकाने पिशवीतून आणलेलं, आणि त्याच्याबरोबर आणायच्या परवानगीचा जुना कागद असेल तर किंमत विचारूच नका. मी दोन्ही साधारण हजार डॉलरच्या अलीकडे-पलीकडे घेतली होती, दोन्ही सी अँड आर (जुन्या संग्राह्य शस्त्रांच्या) लायसन्सवर, पन्नास वर्षांहून जुनी असल्याने घरपोच आली. तुमच्या राज्याचे नियम तुम्ही बघा. गोळ्या महाग, एक गोळी एका डॉलरच्या वर, आणि त्यामुळे तुम्ही महिन्याला पन्नास राउंड सुद्धा चालवणार नाही. युद्धकाळातल्या जुन्या गोळ्या मिळाल्या तर बॉक्ससकट ठेवून द्या.

होल्स्टर मिळालं तर सोडू नका. चौदाचं ते शिंपल्यासारखं झाकण, आणि उघडल्यावर जो वास येतो तो आमच्या घरातल्या जुन्या हार्मोनियमच्या भात्याचा, चामडं, धूळ, आणि काहीतरी गोडसर. आत पिन ठेवायचा कप्पा, साफ करायची सळई, गोळ्यांच्या खोक्यांना जागा. माझ्या होल्स्टरच्या आतल्या बाजूला कोणीतरी टाचणीने इंग्लिशमध्ये एक आडनाव कोरलंय. मी शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

आता मुद्दा सोडून एक. बेळगावात वाढल्यामुळे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आमच्या सायकलच्या अंतरावर होतं, पहाटेची कवायत ऐकू यायची. खूप नंतर वाचलं की मार्च १९४४ मध्ये मणिपूरमध्ये सांगशाकच्या टेकडीवर ५० वी पॅराशूट ब्रिगेड वेढली गेली तेव्हा तिच्याबरोबर ४/५ मराठा (पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी) बटालियन होती, पाण्याविना, आणि समोर जपानी ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट. त्या चार-पाच दिवसांनी जपान्यांचा कोहिमावर चाल करून जायचा हिशोब बिघडला. माझं पिस्तूल त्याच्या बरोबर एक वर्ष आधीचं, मार्च १९४३. ते तिथे होतं असा माझा अजिबात दावा नाही, बहुतेक पॅसिफिकमधल्या कुठल्यातरी बेटावरून आलेलं असणार. पण त्या १८.३ वर बोट फिरवताना मला प्रत्येक वेळी सांगशाक आठवतं. आता हे काही तुलनेत धरायचं कारण नाही, चौऱ्याण्णववरही तेच साल होतं. तरी मनात धरलं गेलं, खोटं कशाला बोलू.

तर कोणी काय घ्यावं. तुम्हाला यंत्र उघडून बघायची हौस असेल, शेल्फवर चार लोकांनी "हे काय आहे?" विचारावं असं वाटत असेल, किंवा चौदा आधीच असेल, तर चौऱ्याण्णव जरूर घ्या, संख्येने कमी आहे, पुढे भाव चढला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पहिलंच असेल, अधूनमधून चालवायचं असेल, तर मी आपला चौदाच्या बाजूने. १९४० ते ४३ मधलं, मोठ्या ट्रिगर गार्डचं, जुळणाऱ्या एका मॅगझिनचं. मुठीच्या पुढची ती स्प्रिंग काढून टाकायचा मोह होईल, नका काढू. सवय होते.

माझं चौऱ्याण्णव इंडियानातल्या एका हायस्कूलच्या इतिहासाच्या शिक्षकांनी घेतलं. सगळं आधीच सांगितलं होतं, पट्टीचंही आणि बटणाचंही. ते म्हणाले, काळजी नको, मी डावखुरा आहे, माझ्याकडून ते उजव्या कुशीवरच ठेवलं जातं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टॉवेल मात्र मी त्यांना तरीही दिला.